थंड ठोकलेली भोवरकडी

भोवरकडी कुठेही दिसली की मी आधी तिचा माथा बघतो. वासराच्या दाव्याला असते, पाळण्याला असते, मोठ्या तराजूला असते. कोणाच्या घरी गेलो तर लोक बोलत असतात, चहा पुढे ठेवतात, आणि माझं बोट तिकडे गेलेलं असतं. बायकोला ही खोड ठाऊक आहे. कारण ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं घर लोहाराचं. कुंडलच्या पलीकडे गाव, काळी जमीन, ऊस आणि हळद. वडिलांच्या हाताला मान होता, आणि त्या मानातला निम्मा तरी भोवरकडीचा होता. हे आजच्या लोकांना सांगावं लागेल, कारण आता विहिरींवर इंजिनं बसली आहेत आणि मोटा कुठे दिसत नाहीत. रोजच्या पाण्याच्या मोटेला सोंड असते, दोन दोर असतात, त्यामुळे ती विहिरीत सरळ राहते. गाळ काढायची मोट वेगळी. ती म्हणजे नुसती जाड कातड्याची पिशवी. तोंडाशी लोखंडी कडं, त्याला धरून तीन कातडी कान, ते वर एका कडीत गोळा केलेले. तिला दोर एकच. आणि एका दोरावर टांगलेली जड पिशवी गरगर फिरते. दोराला पीळ असतो, वजन आलं की तो उलगडायला बघतो आणि खालचं सगळं घेऊन फिरतो. कातडं दगडांवर घासतं, दोर गाठाळतो. म्हणून दोर आणि पिशवी यांच्यामध्ये भोवरकडी. खालची पिशवी कितीही फिरो, वरच्या दोराला ते कळता कामा नये.

करायला सोपी दिसते. नालासारखा वाकवलेला एक पट्टा, त्याच्या मध्यावर भोक, भोकातून गेलेली खीळ. खिळीच्या वरच्या टोकाला दोर बांधायचा डोळा, आणि खालचं टोक पट्ट्याच्या आत ठोकून पसरलेलं. तो माथा. सगळं वजन त्या माथ्यावर. वडील म्हणायचे, गच्च कडी कोणीही करेल आणि सैलही कोणीही करेल. त्या दोन्हींच्या मधली जागा नखाएवढी असते आणि लोहाराचं पोट तिथं असतं. माथा ते लालभडक करूनच ठोकायचे. मग गार झाल्यावर कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख कुठे अडलं तर कडी परत भट्टीत.

लढाईची वर्षं होती. लोखंड मिळत नव्हतं. मोडलेल्या लॉरीच्या चाकावरची पोलादी कमान कुठून तरी आली होती, तिचे तुकडे करून वडील काम भागवत. शेजारच्या मळ्याच्या गाळाच्या मोटेसाठी त्यांनी त्यातल्याच एका तुकड्याची खीळ केली, डोळा वळवला, पट्ट्याला भोक पाडलं. माथा तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, आणि ते म्हसवडला सिद्धनाथाला जायला निघाले. अमावस्येला आमच्याकडे भट्टी पेटत नाही, भाता हलत नाही. आलो की करू, असं म्हणून खीळ फळीवर ठेवून गेले.

त्या मळ्याचा धाकटा मुलगा फौजेत होता आणि सुट्टीवर आला होता. माझ्याच वयाचा, बाविशीतला. लहानपणी त्याच विहिरीत आम्ही पोहायला शिकलो. त्याची सुट्टी संपायला चार दिवस उरले होते. विहीर तळाला गेली होती, ऊस वाळत होता, आणि जायच्या आधी गाळ काढून द्यायचा असं त्यानं आईला कबूल केलं होतं. अमावस्येच्या सकाळी तो भट्टीच्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हणालो, आज आमच्यात आग पेटवत नाहीत.

"मग नगं पेटवू," तो म्हणाला. "थंड ठोक. आमी तिकडं तोफेचं काम बी थंडच करतो गड्या. का तुजा सिद्धनाथ हातुडीला बी न्हाई म्हनतो?"

मी हसलो. आग पेटवायची नाही एवढाच नेम. हातोडीबद्दल कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मला तो युक्तिवाद आवडला, कारण मला त्याच्यापुढे लहान व्हायचं नव्हतं. तो फौजी पोशाखात, पायात बूट. मी राखेनं भरलेला. खीळ भोकात घातली, ऐरणीवर उभी धरली आणि माथा थंड ठोकला. कमानीचं लोखंड थंड असताना ऐकत नाही. हातोडी उडत होती. तरी पसरला. मी नख फिरवलं. एका जागी अडलं.

इथंच थांबून सांगतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही हे वेगळं सांगत आलो. मला कळलं नाही असं झालं नाही. नख अडलं. केसाएवढी चीर होती. तो दारात उभा राहून विडी ओढत होता. मी कानस घेतली आणि चिरेवरून फिरवली. वरून गुळगुळीत झालं. मग नख अडेना. कडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती कानाशी धरून फिरवली आणि म्हणाला, "लोण्यावानी फिरती की रं."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विहिरीवर गेलो. आपली कडी कशी चालते ते बघायला, असंच म्हणू या. पिशवी गाळानं भरून वर यायची, फिरत फिरत, आणि दोर वर स्थिर असायचा. माझ्याकडे बघून त्याचा थोरला भाऊ, जो बैल हाकत होता, मान डोलवायचा. मला बरं वाटत होतं. खाली तो फौजी आणि एक गडी पाट्या भरत होते. गडी पाणी प्यायला वर आला. खाली तो एकटा राहिला.

पिशवी अर्ध्यावर आली असेल. आवाज मोठा नव्हता. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच. मग बैल एकदम पुढं गेले आणि थोरला भाऊ तोंडावर पडला. खालून आवाज आला तो गाळाचा. त्याचा काही आवाज आला नाही.

आजही कोणी सुपारी कातरायला घेतली की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. घरात पाहुणे असले की बायको डबा आत ठेवते. तिला वाटायचं, मला पानाचा वास सोसत नाही.

खाली उतरायला दगडांच्या खोबणी होत्या. मीच आधी उतरलो. तो पिशवीखाली होता, जिवंत होता. मी वर ओरडून दोर खाली सोडायला सांगितला. दोर आला, आणि त्याच्या टोकाला खीळ तशीच बांधलेली होती, माथा उडालेली. वरच्या कोणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. त्याला बांधायला गाठ सोडावीच लागणार होती. सोडली. खीळ कनवटीला लावली. त्याला धोतराच्या झोळीत घालून वर पाठवला. गाडी जुंपली होती. ती वेशीपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली, हे मला नंतर कळलं. मी अजून खालीच होतो.

खाली मी आणि ती मोट. नालाचा पट्टा तिच्या कडीत अडकलेला, भोक रिकामं. कोणीही बघितलं असतं तरी कळलं असतं की कातडं धड आहे आणि लोखंड सुटलंय. शेजारी गाळात खुरपं पडलं होतं.

मी घाबरून केलं असं आता म्हणवत नाही. घाबरलेला माणूस पळतो. मी गुडघ्यावर बसून कापलं. तिन्ही कान, शिवणीच्या जागीच, म्हणजे शिवण गेली असं दिसावं. कातडं इतकं चांगलं होतं की खुरपं चालेना. करवतीसारखं ओढावं लागलं. दोन कानांच्या कडा दगडानं ठेचल्या. कडी आणि पट्टा हात कोपरापर्यंत खाली घालून गाळात दाबला. मग वर आलो. वरती बाया रडत होत्या आणि एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ती मोट त्याच साली नवी शिवलेली होती. शिवणारा आमच्या वडिलांपेक्षा थोडा लहान, गावकुसाबाहेर राहणारा. गावच्या सगळ्या मोटा त्याच्या हातच्या. त्याच्या हातच्या मोटेनं उपसलेलं पाणी सगळं गाव प्यायचं, पण विहिरीच्या काठावर त्यानं पाऊल ठेवायचं नव्हतं. तेव्हा हे मला विचित्र वाटलं नाही; कोणालाच वाटत नव्हतं. मोट घेऊन यायचा, लांब ठेवायचा, कोणीतरी उचलून न्यायचं. त्यामुळे मोट पडली तेव्हा तिच्याकडे जाऊन बघायची सोय त्याला नव्हती.

त्या दिवसांत चळवळीमुळे आमच्या भागात पोलीस सहसा पाय ठेवत नसत. गावचं गावात मिटायचं. सकाळी लोक चावडीवर जमले. थोरल्या भावानं मोट वर काढून आणली होती आणि कान सगळ्यांना दाखवले. कोणीतरी म्हणालं, कातडं कुजकं वापरलं. कोणी म्हणालं, टाके लांब घातले. शिवणाऱ्याला बोलावून आणला. तो पायऱ्यांच्या खाली, लांब उभा राहिला.

"शिवण दावा मला," तो म्हणाला. "हातात देऊ नका. लांबनंच दावा."

एकजण म्हणाला, "लांबनं दावाय ती काय नवरी हाय?"

लोक हसले. मेलेल्या माणसाच्या घरचे हसले नाहीत, पण बाकीचे हसले. मी दोन माणसं सोडून उभा होतो. शिवण कोणी दाखवली नाही. तो पुन्हा एकदा तेच म्हणाला, पहिल्यापेक्षा हळू. त्याचं सुगीचं धान्य बंद करायचं ठरलं आणि मोटा शेजारच्या गावाहून शिवून आणायचं ठरलं. मोट त्याच दुपारी पुरून टाकली.

वडील तिसऱ्या दिवशी म्हसवडहून आले. वाटेतच त्यांच्या कानावर गेलं होतं. आल्या आल्या फळीकडे बघितलं. विचारलं, खिळीला माथा कधी केला. मी सांगितलं, तुम्ही गेलात त्याच दिवशी सांजचा, भट्टी पेटवून. ते भट्टीपाशी गेले आणि राखेत हात घातला. त्यांना त्यांची राख ओळखत होती, किंवा ते तिला, काहीही म्हणा. मग हात झटकून जेवायला बसले. पुढं कधी विचारलं नाही, आणि पुढं कधी मला माथा ठोकायलाही दिला नाही.

वर्षाच्या आत मोट शिवणारा बिऱ्हाड घेऊन निघाला. लोणंदला बाजार मोठा, तिथं चपलांचं काम मिळेल, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. जाताना आमच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला थांबला. कातडं कापायची त्याची रापी आमच्याकडूनच घडवलेली होती. लांबचा पल्ला हाय, धार लावून देता का, असं वडिलांना विचारलं. वडिलांनी रापी माझ्याकडे सरकवली. मी धार लावली. खाली ठेवली. त्यानं उचलली, अंगठ्यावर बघितली, आणि बायको पुढं चालू लागली होती तिच्या मागं गेला.

लढाई संपली आणि मीही गाव सोडलं. सांगलीला कारखान्यात लागलो. काम चांगलं होतं म्हणतात माझं. जिथे दोन भाग जोडूनही फिरते ठेवायचे असतील तिथे साहेब मलाच बोलवायचे. मी ते दहादा तपासायचो. लोकांना वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे. मुलगी झाली तेव्हा सासऱ्यांनी पाळणा पाठवला, भोवरकडीसकट. मी ती काढून टाकली आणि पाळणा नुसत्या दोरानं टांगला. तो एका अंगाला पिळायचा. बायको रोज उठून सरळ करायची आणि मला नावं ठेवायची.

पुण्याला गाडीनं जाताना लोणंद लागतं. तेवीस वर्षं मी तिथे पलीकडच्या खिडकीशी बसत आलो. मनाशी म्हणायचो, वडील आहेत तोवर बोलायचं नाही, त्यांच्या नावाला बट्टा लागेल. या वर्षी वडील गेले, आणि ती सबब त्यांच्याबरोबर गेली. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी मी लोणंदला उतरलो.

शोधायला लागलं नाही. बाजाराच्या तोंडाशी पत्र्याच्या आडोशाला बसतो. म्हातारा झालाय, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी समोर बसलो आणि म्हणालो, मामा, ओळखलंत का? गावात असताना त्याला मामा कोणी म्हटलं नव्हतं. मीही नावानंच हाक मारायचो, एकेरी.

"मामा कवापास्नं झालो?" तो म्हणाला. मान वर न करता म्हणाला, "लव्हाराचं पोरगं न्हवं तू? आवाज बापाचा हाय."

मी सांगितलं. अमावस्या, थंड माथा, नख, कानस. ऐकताना तो टाका घालत होता. विहिरीच्या तळाशी आलो तसा त्याचा हात थांबला.

"शिवण तुटली न्हवती?"

"नाही. मी कापली."

"किती कान?"

"तिन्ही."

"कशानं?"

"खुरप्यानं."

"लय येळ लागला आसंल," तो म्हणाला.

मग त्यानं मागे वळून बायकोला हाक मारली. ती आडोशामागे कातडं भिजवत होती. हात पुसत आली. हिला सांग, म्हणाला, जसं मला सांगितलंस तसं. मी दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. ती उभी राहूनच ऐकत होती. माझं संपल्यावर तो माझ्याशी नव्हे, तिच्याशी बोलला.

"पैलं वरीस मी तुला म्हनायचो, शिवण धड व्हती. दुसरं वरीस बी म्हनलो. मग मलाच वाटाय लागलं, एकांदा टाका ऱ्हायला आसंल." आणि माझ्याकडे वळून, "तवापास्नं साध्या चपलीला बी दुहेरी टाका घालतो मी. गिऱ्हाईकं हसत्यात."

या घटनेनं त्याचं गाव गेलं, सुगी गेली, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि तेवढंच मी मोजत होतो. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी नेला होता, हे मला त्या दुपारपर्यंत सुचलंही नव्हतं.

बायको म्हणाली, "आमाला सांगून काय? ह्ये जितं लांबनं दावा म्हनत हुबं व्हतं, तितं जाऊन सांगा."

मी गेलो. चार दिवसांनी, सकाळी, चावडीवर. थोरला भाऊ आता थकलाय, दिसतं कमी. सहासात जण होते, त्यातले तिघे त्या दिवशीचे. मी उभा राहूनच सांगितलं. मग एकजण म्हणाला, तू तरी काय, बाविशीचं पोर. दुसरा म्हणाला, आता मोटाच ऱ्हायल्या न्हाईत. हे जणू माझ्या बाजूनं बोलणं होतं. मी म्हणालो, माझं राहू द्या. त्याची शिवण धड होती एवढं चारचौघांत म्हणा. दोघे उठून पानाला गेले.

थोरला भाऊ काठीच्या मुठीवर हात चोळत होता. त्याचा प्रश्न मला अपेक्षित होता तो नव्हता. भावाला कोणी मारलं, हे त्यानं विचारलं नाही.

"मग मी ज्याला गावातनं घालवला, त्याचं काय?" तो म्हणाला. "त्याला म्हनावं..." एवढं बोलून थांबला. "न्हाई. काय म्हनू नगंस. मला जमायचं न्हाई." आणि चपला शोधत उठला. एक सापडेना. मी पुढं करून दिली.

घरी न जाता गावाहून पुन्हा लोणंदला गेलो. म्हातारीनं विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, काही म्हणाले नाहीत. खोटं सांगून तिला बरं वाटावं असा मोह झाला होता. तोही सांगून टाकला. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला फारसं आश्चर्य वाटलं नसावं. मग म्हणाला, तुला लिवाय येतंय. लिवून टाक. बोललेलं चावडीवरनं उठून जातं.

म्हणून हे लिहिलं. कुंडलच्या पलीकडच्या त्या मळ्यात पडलेली गाळाची मोट ज्यानं शिवली, त्याच्या शिवणीत काही खोट नव्हती. कातडं ताजं होतं, टाके जवळ होते, कान खुरप्यानंही लवकर कापले गेले नाहीत. माथा मी थंड ठोकला, चीर मी कानशीनं लपवली, आणि शिवण मी कापली. त्या दोघांना वाचता येत नाही. छापून आलं की मी स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे. दोन्ही वेळा गेलो तेव्हा त्यांनी मला पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी प्यायलो असतो, हे त्यांना कळावं असं मला फार वाटत होतं. तशी संधी त्यांनी मला दिली नाही, आणि ती मागायचा हक्क माझा नाही.